खुर्चीत बसलेला विषय

मनातल्या मनात एक मोसंबी सोला. अंबडकडच्या बागेतली, अजून पुरती न पिकलेली, सालीवर हिरवा रंग टिकून असलेली. नख रोवलं की सालीतल्या तेलाचा बारीक फवारा उडतो, बोटं चिकट होतात, आणि पहिली फोड दाताखाली फुटते ती चांगलीच आंबट निघते. बहुतेकांच्या तोंडाला एव्हाना पाणी सुटलं असेल. समोर मोसंबी नाही, कागदावरच्या काळ्या खुणा आहेत. त्या खुणा डोळ्यांतून डोक्याच्या पार मागच्या भागात गेल्या, तिथून भाषा समजणाऱ्या भागांत आल्या, जुन्या कुठल्याशा मोसंबीची आठवण उठली आणि मस्तिष्कस्तंभातून लाळग्रंथींना हुकूम सुटला. हुकूम सोडण्याआधी तुम्हाला कुणी विचारलं नाही.

जालन्यात मेंदूवरचं संध्याकाळचं जाहीर व्याख्यान ठेवायचं झालं, तर वक्त्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ घरचंच आहे, हे त्याचं लहान कारण. मोठं कारण असं की आकाशगंगेवर बोलणाऱ्याला पडदा लागतो, अजिंठ्यावर बोलणाऱ्याला चित्रं लागतात, पण मेंदूवर बोलणाऱ्याचा विषय श्रोते स्वतःच घेऊन येतात. दोनशे माणसं आली तर सभागृहात सुमारे २७० किलो मेंदू हजर असतो. तो ऐकतो, कंटाळतो, शेजारच्याच्या मोबाईलकडे बघतो. एका मेंदूला चालायला साधारण २० वॅट लागतात. म्हणजे दोनशे मेंदूंना मिळून ४ किलोवॅट. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची एक मोटर जेवढी वीज ओढते, जवळपास तेवढ्यावर अख्खं सभागृह विचार करतं, वक्त्याबद्दलच्या कुजबुजीसकट.

एका डोक्यात चेतापेशी किती, हे तर परवापरवापर्यंत नीट कुणी मोजलंच नव्हतं. पाठ्यपुस्तकं बिनदिक्कत १०,००० कोटी लिहीत. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल यांनी मेंदू रसायनात विरघळवून त्याचं पातळ पाणी केलं आणि त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. २००९ साली आकडा आला सुमारे ८,६०० कोटी. त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी मागच्या बाजूच्या छोटेखानी लहान मेंदूत. ज्या सुरकुतलेल्या वरच्या थराचा आपल्याला एवढा अभिमान, त्याच्या वाट्याला सुमारे १,६०० कोटी.

संध्याकाळचं व्याख्यान हा महाराष्ट्राचा जुना नाद. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. नाशिकला मे महिन्यात गोदाघाटावर उघड्यावर व्याख्यानं होतात. विज्ञान मराठीतून सांगायचं म्हणून १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद उभी राहिली. मराठवाड्याची गोष्ट जरा निराळी. निजामाच्या राज्यात सार्वजनिक सभेला आधी सरकारची परवानगी लागे, त्यामुळे चारचौघांत उभं राहून बोलणं हेच मोठं काम होतं. त्या राज्यातल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ साली भरलं ते आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला. अशा काळातही संध्याकाळी शेकडो माणसांना एका जागी बसवून ऐकवणारी एक गोष्ट गावोगाव चालूच होती. ती म्हणजे कीर्तन.

कीर्तनकाराला मेंदूबद्दल पुष्कळ माहिती असते, फक्त तो तिला ते नाव देत नाही. पूर्वरंगात तो तत्त्व मांडतो, आणि माणसं चुळबुळायला लागली की उत्तररंगात आख्यान लावतो. ओळ अर्ध्यावर सोडतो आणि उरलेली अर्धी समोरच्यांकडून वदवून घेतो. २०१० साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या संशोधकांनी एका बाईला एमआरआय यंत्रात निजवून तिच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायला लावली. तेव्हाची तिच्या मेंदूतली हालचाल नोंदवून घेतली. मग तीच गोष्ट इतरांना यंत्रात निजवून ऐकवली. ऐकणाऱ्यांच्या मेंदूत बऱ्याच ठिकाणी सांगणारीच्याच चढउतारांची नक्कल उमटत होती, थोड्या सेकंदांनी मागे. नक्कल मागे राहणार, हे समजण्यासारखं आहे. पण काही भागांत ऐकणाऱ्याचा मेंदू सांगणारीच्या पुढे धावत होता, म्हणजे पुढे काय येणार याची तयारी आधीच करून बसला होता. आणि ज्यांचा मेंदू असा पुढे धावला, त्यांना गोष्ट जास्त चांगली कळली होती. रशियन न कळणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली तेव्हा हा मेळ नाहीसा झाला. आवाज कानांवर पडत होता, पण दोन मेंदू जुळत नव्हते. अर्धी सोडलेली ओळ श्रोत्यांच्या तोंडून वदवणारा कीर्तनकार हेच करून घेतो. चांगल्या वक्त्यानेही ते शिकावं. स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवणाऱ्याला ते कधीच जमणार नाही.

वेळेचाही विचार करू. दुपारी दोन-तीनला येणारी पेंग जेवणामुळे येते असं आपण धरून चालतो. जेवण टाळलं तरी ती येते. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन्ही नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वरच्या अंगाला सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं घड्याळ ते. दुपारी ते थोडं सैल सोडतं आणि संध्याकाळी पुन्हा ताणून धरतं. दिवसभराचा थकवा साठत जातो, त्याच्या विरुद्ध हे घड्याळ उलटा जोर लावतं, आणि नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी तो जोर सगळ्यांत जास्त असतो. इस्रायलमधल्या झोपेच्या अभ्यासकांना १९८० च्या दशकात दिसलं की दमलेल्या माणसालाही या तासांत झोपवणं फार अवघड जातं. व्याख्यानमालांच्या जुन्या चालकांनी सहा-सातची वेळ निवडली ती कचेऱ्या सुटण्याचा हिशेब धरून, पण मेंदूच्या बाजूनेही ती बरोबर पडली. दुपारी तीनला सक्तीने बसवलेले विद्यार्थी डुलक्या घेतात, त्यात त्यांचा दोष थोडाच असतो.

मेंदूवरची जाहीर व्याख्यानं देणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक फ्रान्झ योझेफ गाल. व्हिएन्नात १७९६ पासून तो लोकांना जमवून सांगत असे की मेंदू हा एकसंध गोळा नाही, त्याच्या वेगवेगळ्या भागांकडे वेगवेगळी कामं आहेत. इथवर तो बरोबर होता. पुढे त्याचं म्हणणं असं की जो भाग मोठा तिथे कवटीला उंचवटा येतो, म्हणून डोकं चाचपून स्वभाव सांगता येतो. हे साफ चूक. सम्राटाने १८०१ साली त्याच्या व्याख्यानांवर बंदी घातली, ती मात्र चुकलेल्या अर्ध्यासाठी नव्हे. मनाची कामं मांसाच्या गोळ्यावर टाकली की धर्माला धक्का बसतो, ही त्यामागची भीती. गाल युरोपभर फिरत बोलत राहिला. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका याने एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्या रुग्णाला सगळं कळायचं, पण बोलता एकच अक्षर यायचं, ‘टॅन’. डाव्या बाजूचा पुढचा एक भाग नासलेला निघाला. विभागणीचं म्हणणं टिकलं, उंचवटे गेले. डोकं चाचपून भविष्य सांगणारे अजून भेटतात, ते निराळं.

आता जालन्याकडे वळू. कारण मेंदूतली सगळ्यांत चमत्कारिक जागा समजावून द्यायला या जिल्ह्याइतकी तयार श्रोतेमंडळी कुठे नसतील.

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. तिला चेतासंधी म्हणतात. एका पेशीतून विजेचा झटका धावत येतो आणि या काठावर थांबतो. मग काठावरच्या इवल्या पिशव्या फुटतात, रसायन फटीत सांडतं, पलीकडच्या काठावरच्या ठरावीक जागांत ते बसतं आणि तिथे नवा झटका सुरू होतो. मेंदूतला बहुतेक सगळा संवाद असा आहे: वीज, रसायन, पुन्हा वीज. हे पहिल्यांदा कळलं त्याची गोष्ट ऑटो लोवी स्वतः सांगत असे. रात्री झोपेत प्रयोग सुचला, उठून कागदावर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तोच प्रयोग पुन्हा सुचला, तेव्हा मात्र तो थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं द्रवात धडधडत ठेवली. एका हृदयाची नस चेतवली तशी त्याची गती मंदावली. त्या हृदयाभोवतीचा द्रव काढून दुसऱ्यावर ओतला, तर त्याचीही गती मंदावली. दुसऱ्याच्या नसेला तर हातही लावला नव्हता. म्हणजे नसेचा निरोप द्रवात उतरला होता. १९२१ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे ते रसायन ॲसिटिलकोलीन असल्याचं ठरलं आणि १९३६ साली लोवीला हेन्री डेलसोबत नोबेल मिळालं.

ॲसिटिलकोलीन हे नाव जालन्याच्या शेतकऱ्याने ऐकलं नसेल, पण त्याची ओळख जुनी आहे. कपाशीवर मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस फवारलं की अळी, तुडतुडे तडफडून मरतात, ते या रसायनाच्या अतिरेकाने. एरवी निरोप पोचला की फटीतलं एक विकर क्षणार्धात ॲसिटिलकोलीनचे तुकडे करतं आणि फट पुढच्या निरोपासाठी मोकळी होते. फवाऱ्यातलं औषध त्या विकरालाच निकामी करतं. निरोप मिटत नाही, वाजतच राहतो. कीटकाच्या स्नायूंना पेटके येतात आणि शेवटी सगळं बंद पडतं.

आता यातली धडकी भरवणारी गोष्ट. ही फट, हे रसायन आणि हे विकर तुडतुड्यात आहे तसंच आपल्यातही आहे. तुडतुडा आणि माणूस यांचे वंश वेगळे होऊन पन्नास कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी मज्जासंस्थेने ही भाषा बदललेली नाही. म्हणून तोंडाला फडकं न बांधता, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारत गेलेल्या माणसाला आधी घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि श्वास अडकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. सरकारी दवाखान्यात अशा रुग्णाला ॲट्रोपिनच्या सुया देतात. ॲट्रोपिन पलीकडच्या काठावरच्या जागा अडवतं, म्हणजे उसळलेलं ॲसिटिलकोलीन असूनही त्याला बसायला जागा उरत नाही. हेच ॲट्रोपिन बांधावरच्या धोतऱ्यात असतं. धोतरा खाल्लेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, तो भ्रमिष्टासारखा बडबडतो. एकाच फटीची ही दोन टोकं: इकडे निरोप थांबत नाही, तिकडे पोचत नाही. (धोतऱ्यात विष किती हे झाडागणिक बदलतं. उतारा म्हणून तो कुणी चाखू नये.)

बियाण्यावरचा रंगही याच गोष्टीत मोडतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि हे शहर बियाण्यांचं म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. कपाशीच्या पाकिटातलं रंगीत बी पुष्कळदा इमिडाक्लोप्रिड चोळलेलं असतं. हे विकराच्या वाटेला जात नाही. ते पलीकडच्या काठावर ॲसिटिलकोलीनच्या जागेवर स्वतःच जाऊन बसतं आणि उठत नाही. किडीच्या जागेत ते फार घट्ट बसतं, सस्तन प्राण्यांच्या जागेत सैल, म्हणून त्याचा धोका आपल्याला तुलनेने कमी. उलट २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीचं विष मज्जासंस्थेकडे फिरकतच नाही, ते बोंडअळीचं आतडं फाडतं. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या बाटल्यांत चेतासंधीचा असा अख्खा अभ्यासक्रम मांडून ठेवलेला असतो. शहरातला वक्ता येतो आणि रंगीबेरंगी स्कॅन दाखवतो. त्याने चार रिकाम्या बाटल्या टेबलावर मांडल्या, तर मागच्या रांगेतली माणसं पुढे येऊन बसतील.

सुगीच्या दिवसांत मराठवाड्यात दुसरी एक बातमी येते, मळणीयंत्रात हात गेल्याची. हात जातो, पण पुष्कळांच्या बाबतीत तो असल्याची जाणीव जात नाही. नसलेल्या बोटांना खाज सुटते, नसलेली मूठ इतकी घट्ट आवळते की नखं तळव्यात रुतल्यासारखी वेदना होते. घरच्यांना वाटतं धक्क्याने डोकं फिरलं. ते तसं नसतं. मेंदूच्या वरच्या थरावर शरीराचा नकाशा आहे. कॅनडात वाइल्डर पेनफिल्ड याने जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूवर विजेचा हलका स्पर्श करत तो १९३७ साली रेखला. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, त्यामुळे हे शक्य झालं. त्या नकाशात हात आणि चेहरा शेजारी शेजारी, आणि बोटं, ओठ यांना पाठ-पोटापेक्षा कितीतरी जास्त जागा.

हात गेला तरी नकाशातली हाताची जागा जागेवरच असते. मूळच्या तमिळनाडूच्या विलयनूर रामचंद्रन यांनी अशा रुग्णांच्या गालावर कापसाचा बोळा फिरवला, तर काहींना तो गेलेल्या बोटांवर जाणवला. शेजारच्या चेहऱ्याने हाताची रिकामी जागा बळकावली, असा अर्थ त्यांनी लावला. मग त्यांनी पुठ्ठ्याचं खोकं आणि आरसा घेऊन एक साधा उपाय केला. धड हात आरशासमोर असा धरायचा की प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल. धड हाताची मूठ उघडली की डोळ्यांना दोन्ही मुठी उघडलेल्या दिसतात, आणि काही रुग्णांची वर्षानुवर्षांची आवळलेली मूठ सुटली. २००३ साली बीबीसी रेडिओवर त्यांनी मेंदूवर पाच व्याख्यानं दिली. तज्ज्ञांची भाषा बाजूला ठेवून हे शास्त्र चारचौघांना कसं सांगावं, याचा तो चांगला नमुना.

पण गोष्ट तिथे संपली नाही. तामार मेकिन यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं की ज्यांना हा भासमान हात जास्त दुखतो, त्यांच्या मेंदूत हाताची जुनी जागा बळकावलेली नसून उलट जास्त शाबूत असते. नसलेली बोटं हलवायला सांगितली की तिथे धड हातासारखीच हालचाल दिसते. म्हणजे शेजाऱ्याने घर घेतलेलं नाही, मूळ मालक दार लावून आतच आहे. आरशाचा उपाय काहींना गुण देतो, काहींना नाही. तो नक्की का चालतो, यावर आज तज्ज्ञांचं एकमत नाही. मला विचाराल तर असा वाद जाहीर व्याख्यानात झाकून ठेवू नये.

फेफऱ्याबद्दल मात्र वाद नाही, आणि तिथे वक्त्याने मोकळेपणी बोलावं. फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी चप्पल धरतात, कांदा धरतात, आणि मिनिटा-दोन मिनिटांत तो शांत होतो. श्रेय चपलेला जातं. फिट म्हणजे लाखो चेतापेशींनी एकदम, एकाच ठेक्यात झटके देणं. बहुतेक फिटा एक-दोन मिनिटांत आपोआपच ओसरतात, चप्पल आणायला जाईपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. करायचं एवढंच की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. हा विजेचा ठेका कवटीच्या बाहेरून पकडता येतो, हे जर्मनीत हान्स बर्गर याने १९२४ साली पहिल्यांदा माणसावर दाखवलं, आणि पुढची पाच वर्षं तो निष्कर्ष छापायला धजावला नाही. ज्या ईईजीचा कागद आज तालुक्याच्या ठिकाणी माणसं पिशवीत घालून हिंडतात, त्याचं हे मूळ.

लकव्याला आपल्याकडे वारं गेलं म्हणतात. डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली तर उजवा हात-पाय लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, वाचा जाते. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा २००६ सालचा एक अंदाज आहे. गुठळी विरघळवणारी सुई पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी स्कॅन लागतो, कारण गुठळीऐवजी रक्तस्राव असेल तर तीच सुई जीव घेईल. मंठा किंवा जाफराबादहून निघून जालना, आणि तिथे सोय नसेल तर पुढे साठ किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर. एवढ्या प्रवासात आधी कुणाकडे तरी पाला लावायला, तेल चोळायला थांबलं की साडेचार तास संपतात.

आता थोडं जांबकडे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ इथे १६०८ साली रामदास जन्मले. त्यांचे मनाचे श्लोक २०५, आणि त्यांतले बहुतेक मनालाच उद्देशून. लहानपणी पाठ करताना कुणाला काही वाटत नाही, पण मेंदूचं शास्त्र थोडं वाचलं की एक प्रश्न खुपायला लागतो: इथे बोलतोय कोण आणि ऐकतोय कोण? मन जर मेंदूचं काम असेल, तर हा मेंदूने मेंदूला केलेला उपदेश. शास्त्राला याचं पुरतं उत्तर माहीत नाही, तुकडे माहीत आहेत. कपाळामागचा भाग इच्छा-भीती उठवणाऱ्या खोल भागांना आवरतो. तो पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो, दारूने आणि जागरणाने सैल पडतो. मनातल्या मनात बोलताना ब्रोकाचाच तो भाग जागा होतो, जो उघड बोलताना होतो. उपदेश ओठांवर न आणताही मेंदूत बोलण्याची यंत्रणा फिरते.

व्याख्यान आठ-साडेआठला संपलं की श्रोते घरी जाऊन जेवतात आणि झोपतात, हेही संध्याकाळच्या वेळेचं एक न दिसणारं देणं. १९२४ साली अमेरिकेत जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला दिली. पाठांतरानंतर झोपले तेव्हा त्यांना जास्त आठवलं, जागे राहिले तेव्हा कमी. कारणाचा एक धागा पुढे उंदरांत सापडला. मेंदूच्या आत कानाच्या पातळीवर हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग आहे. जॉन ओकीफ यांना १९७१ साली त्यात अशा पेशी दिसल्या की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी झटका देते. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांना आढळलं की दिवसा ज्या पेशी जोडीने झटके देत होत्या, त्याच झोपेतही जोडीने झटके देतात. उंदीर झोपेत दिवसाची वाट पुन्हा चालतो. हा हिप्पोकॅम्पस गर्भात घडतो कसा, यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने २००८ साली उंदरांवर काम केलं. वाढत्या मेंदूच्या कडेला हेम नावाची एक अरुंद पट्टी असते, ती शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस व्हायला सांगते. पट्टी भलत्या ठिकाणी उगवली तर हिप्पोकॅम्पसही भलत्या ठिकाणी, आणि जितक्या पट्ट्या तितके हिप्पोकॅम्पस.

मग प्रश्नोत्तरं. पहिला प्रश्न ठरलेला: आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो ना? नाही. उरलेला नव्वद टक्के बिनकामाचा असता तर लकव्याच्या दहांतल्या नऊ रुग्णांना काहीच झालं नसतं. दुसरा प्रश्न एखाद्या आईचा, मुलाला ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गाला घालू का? डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात असं दाखवणारे हे वर्ग महाराष्ट्रात गावोगाव निघाले, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी त्यांना उघड आव्हान दिलं. मध्यमेंदू प्रत्येकाचा जन्मापासून चालूच असतो, तो बंद पडला तर माणूस शुद्धीवर राहत नाही. पट्टी बांधलेली मुलं वाचतात ती नाकाच्या कडेच्या फटीतून. हे सांगताना मुलांना खोटारडं ठरवायचं कारण नाही, त्यांना तसं करायला मोठ्यांनीच शिकवलेलं असतं.

शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा मागून, एखाद्या मुलाचा येतो: मेंदूचा सगळा नकाशा काढून झाला का? एका जंताचा झाला आहे. त्याच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्या १९८६ साली छापून आल्या. फळमाशीचा २०२४ साली झाला: सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी, ५ कोटींहून जास्त चेतासंधी. माणसाचा त्याच वर्षी झाला तो एक घन मिलिमीटर, फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या तुकड्यातला. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी चेतासंधी सापडल्या, आणि ती चित्रं साठवायला १४ लाख जीबी जागा लागली. अख्खा मेंदू म्हणजे असे साधारण १२ लाख घन मिलिमीटर. गुणाकार मुलाने फळ्यावर करावा. आणि त्याला हेही सांगावं की जंताच्या ३०२ पेशींचा नकाशा हातात असून चाळीस वर्षं होत आली, तरी तो जंत पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे त्या नकाशावरून अजून खात्रीने सांगता येत नाही.